ओल कोंडली आहे, आधी तिला वाट द्या

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: साधारण १८० वर्षांचं दुमजली घर आता त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या वाट्याला आलं आहे. तळमजल्याच्या भिंती दगडाच्या, दोन फूट जाड. वर वीटकाम, सगळं चुन्यातलं. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर. खाली कायम ओल असायची म्हणून वीस वर्षांपूर्वी वडिलांनी आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि घराभोवती काँक्रीट टाकलं. दोन-तीन वर्षं भिंती कोरड्या दिसल्या. आता ओल सिमेंटच्या वर, पाच-सहा फुटांवर आली आहे. तिथे रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरी भुकटी पडते. एका तुळईचं भिंतीतलं टोक ठोकल्यावर पोकळ वाजतं, एका दारावर तिरकी चीर आहे. कंत्राटदार म्हणतो, भिंतीला भोकं पाडून केमिकल भरू, वॉटरप्रूफ गिलावा करू, लाकूड काढून स्लॅब टाकू, चार महिन्यांत घर तयार. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा पाडून नवं बांधू. वाचकाला घर ठेवायचं आहे, तेही 'मूळ रूपात'. त्यांचे प्रश्न: कोणतं वॉटरप्रूफिंग टिकेल? स्लॅब टाकावा का? भावाला काय सांगू?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: ओल सिमेंटच्या वर आली आहे. घराचं निदान त्या एका वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

चुन्यात बांधलेली जाड भिंत जमिनीतलं पाणी थोडंफार शोषतेच. ते दगडांमधल्या चुन्यातून वर चढतं आणि वाटेत भिंतीच्या पृष्ठभागावरून हवेत उडून जातं. जितकं शिरतं तितकं उडालं की चढण थांबते. चांगल्या स्थितीतल्या जुन्या घरात ही रेघ जमिनीपासून फूट-दीड फुटावर राहते. तुमच्या भिंतीचे खालचे चार फूट दोन्ही बाजूंनी बंद झाले. खालून येणारं पाणी तितकंच राहिलं, बाहेर पडायची जागा मात्र गेली. मग उघडा पृष्ठभाग सापडेपर्यंत पाणी चढत राहिलं, आणि तो सापडला सिमेंट संपतं तिथे. ओल नव्याने जन्मली नाही, तिची बाहेर पडायची जागा वर सरकली. आता सहा फुटांपर्यंत वॉटरप्रूफ गिलावा केलात तर काही वर्षांनी पट्टा आठ फुटांवर दिसेल, आणि तिथे तुमच्या तुळयांची टोकं आहेत.

यात वडिलांची चूक काढण्यासारखं काही नाही. जगभर असंख्य जुन्या घरांना याच विश्वासाने सिमेंट लागलं आहे. पण हा विश्वास मुळापासून तपासायला हवा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने घेतलं, आणि ते सर्रास वापरात यायला त्यानंतर बरीच दशकं गेली. तुमचं घर बांधणाऱ्या गवंड्यासमोर असं सिमेंट बहुधा नव्हतंच. त्याने पाणी येणार हे धरून चाललं आणि ते परत जाईल अशी भिंत रचली. चुना दगड-विटेपेक्षा मऊ असतो, त्यातून वाफ जाते आणि घर किंचित हललं तर तो सामावून घेतो. सिमेंट या तिन्ही बाबतींत उलटं आहे. ते कडक असल्यामुळे हलत्या भिंतीवर त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, चिरांतून पावसाचं पाणी आत ओढलं जातं आणि मागे अडकून बसतं. 'मजबूत' म्हणजे 'कडक' हे समीकरण नव्या बांधकामात चालत असेल, जुन्या भिंतीवर चालत नाही. तिथे गिलावा भिंतीपेक्षा नेहमी मऊ हवा. झिजायचं कुणी असेल तर गिलाव्याने झिजावं, कारण तो पुन्हा करता येतो.

पांढऱ्या भुकटीबद्दलही सांगायला हवं. ते क्षार आहेत, जमिनीतून आणि काही प्रमाणात सिमेंटमधूनच आलेले. पाणी उडून जाताना ते मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक पृष्ठभागावर झाले तर नुसती भुकटी पडते आणि ती झाडता येते. ते गिलाव्यामागे, विटेच्या कातडीखाली झाले तर फुगून विटेचा तोंडवळा उडवतात. म्हणून तुम्हाला दिसते ती भुकटी वाईट दिसली तरी कमी धोक्याची. खरी काळजी बंद सिमेंटमागे काय चाललं आहे याची. यातले काही क्षार, विशेषतः नायट्रेट आणि क्लोराइड, हवेतलं दमटपण ओढून घेतात. त्यामुळे पाण्याचा स्रोत बंद केल्यावरही ती जागा दमट दिवसांत ओली दिसते, आणि लोक घाबरून पुन्हा गिलावा करून टाकतात.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कोणतंच वॉटरप्रूफिंग नको. भोकं पाडून केमिकल भरण्याची पद्धत एकसंध, कमी जाडीच्या वीटकामात काही अंशी चालते. दोन फुटी दगडी भिंतीत बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये दगडांचे तुकडे, चुना आणि पोकळ्या असा भराव असतो. केमिकल पोकळीत वाहून जातं, सलग पडदा तयारच होत नाही. आणि त्यानंतर वर वॉटरप्रूफ गिलावा चढवला जातो, म्हणून काही वर्षं 'फरक पडला' असं वाटतं. तो फरक गिलाव्याने ओल झाकल्याचा असतो.

प्रश्न बदलून विचारा: पाणी येतं कुठून? जमिनीतून येतं असं आपण धरून चालतो, पण अशा बऱ्याच घरांत मोठा वाटा वरून आणि बाजूने येतो. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळ कुठे भरून वाहते, उभा पाइप कुठल्या सांध्यावर गळतो, पाइपचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडतं का, कौलांच्या दोन उतारांच्या मधल्या घळीत पानं साचली आहेत का, काँक्रीटवर पडलेलं पाणी घराकडे येतं की दूर जातं. पावसात अर्ध्या तासात जे कळतं ते कोरड्या दिवसातल्या दहा पाहण्यांत कळत नाही. फोटो काढा, घराच्या नकाशावर खुणा करा. पोकळ वाजणाऱ्या तुळईच्या टोकाच्या नेमकं बाहेर काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे फुटका पाइप किंवा पन्हळीचा सांधा सापडला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आतल्या बाजूला एक सोपी चाचणी करा. ओल्या जागेवर फूटभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियमचा कागद चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ती हवेतली वाफ आहे: स्वयंपाक, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतं आहे. कंत्राटदार ओल मोजणारं दोन सुयांचं मीटर भिंतीला टोचून आकडा दाखवेल, पण ते मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं. भिंतीत क्षार असले तर कोरड्या भिंतीवरही ते मोठा आकडा दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून खर्च ठरवू नका. लाकडावर मात्र तेच मीटर फार उपयोगी पडतं.

आता कामाचा क्रम, कारण अशा घरांचं निम्मं नुकसान चुकीच्या क्रमाने होतं. आधी छप्पर आणि पन्हळी, मग जमिनीवरचं पाणी, मग लाकूड आणि चिरा, मग गिलावा, आणि रंग सगळ्यात शेवटी. घर सरकारी वारसा यादीत किंवा संरक्षित भागात आहे का, हे काहीही तोडण्याआधी तपासून घ्या. परवानगी नंतर मागणं महागात पडतं.

भोवतालच्या काँक्रीटबद्दल: भिंतीलगत दीड फूट रुंदीचा पट्टा कापून काढा. घराच्या जमिनीपेक्षा बाहेरची जमीन किमान १५ ते २० सेंटिमीटर खाली हवी. वर्षानुवर्षं थर चढत गेल्याने ती बहुतेक वेळा आतल्या जमिनीच्या बरोबरीला आलेली असते. पट्ट्यात मातीविरहित धुतलेली खडी भरा. पलीकडच्या काँक्रीटला किंवा फरशीला घरापासून दूर, दर ४० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. खोल चर मात्र खणू नका. जुन्या घरांचे पाये पुष्कळदा अपेक्षेपेक्षा उथळ असतात, आणि पायाच्या तळाखाली चर गेला तर आज नसलेल्या चिरा उद्या पडतील. एवढ्या एका कामाने भिंतीत शिरणारं पाणी किती कमी होतं ते बघून तुम्हालाच नवल वाटेल.

मग सिमेंट काढणं. इथे घाई केलीत तर भिंतच जाईल. आधी दर्शनी नसलेल्या कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फूट जागा निवडा. गिलाव्यावर लाकडी मुठीने टकटक करत जा. पोकळ वाजतं तिथे तो सुटलेला असतो, तिथून कड धरा. पातळ छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरून गिलाव्याच्या मागे सरकवा आणि हलके ठोके द्या. काटकोनात घाव घातला तर छिन्नी दगडात किंवा विटेत घुसते. ब्रेकर मशीन अजिबात नको, त्याच्या हादऱ्याने मधला भराव सुटून खाली बसतो. नमुन्याच्या जागेत गिलाव्याबरोबर विटेचा तोंडवळा उखडत असेल तर तिथे थांबा. तेवढा भाग तूर्त राहू द्या, सुटेल तेवढंच काढा. सिमेंट आतून आणि बाहेरून दोन्हीकडचं काढायचं आहे, पण बाहेरून सुरुवात करा. वारा तिथे आहे.

आणि मग थांबा. चार महिन्यांत घर तयार होईल या वचनातली अडचण इथे कळते. भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब दर इंच जाडीला एक महिना असा आहे, म्हणजे २४ इंची भिंतीला दोन वर्षं. दोन्ही बाजू उघड्या, वारा खेळता असेल तर लवकर, पण एक पूर्ण वर्ष तरी धराच. या काळात क्षार बाहेर येतील. ते कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरा आणि भुकटी उचलून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलेत तर ते विरघळून परत भिंतीत जातील. फार जास्त क्षार असलेल्या जागी शुद्ध पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा बोटभर जाडीने थापा, तो पूर्ण वाळला की सोलून टाका. पाणी क्षारांना लगद्यात ओढून आणतं. दोन-तीन वेळा करावं लागतं. घर या वर्षभर कुरूप दिसेल, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

हे वर्ष वाया जात नाही. याच काळात चुना मुरतो.

कळीचा चुना, म्हणजे चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजून मिळणारे खडे, पाण्यात टाकून विरवायचा असतो. नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. ते उकळतं आणि उसळून अंगावर येतं. डोळ्यांना बंद चष्मा, हातात रबरी मोजे, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली हवीच. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जायचं. विरलेला चुना तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळा, वर बोटभर पाणी ठेवून झाकणाच्या पिंपात भरा. किमान तीन महिने तरी मुरू द्या. प्राचीन काळी तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना कंत्राटदाराने वापरू नये असा नियम होता, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. न विरलेला एखादा कण राहिला तर तो पुढे गिलाव्यात फुगतो आणि छोटा खड्डा उडवतो, म्हणून हा खटाटोप. मुरलेला चुना थापीवर घट्ट लोण्यासारखा बसतो, थापी तिरकी केली तरी पटकन घसरत नाही.

वाळूत कणांमधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते आणि चुन्याने तीच भरायची असते. म्हणून मापाने एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. वाळू धुतलेली, हातात चोळली तर करकरणारी हवी. गोल, गुळगुळीत कणांची नको. पहिल्या थराला पाच मिलिमीटरपर्यंतचे लहान-मोठे कण चालतात, शेवटच्या थराला दोन मिलिमीटरच्या आतले. मिश्रणात वरून पाणी घालू नका. सुरुवातीला ते कोरडं, न जमणारं वाटतं, पण मुसळाने किंवा फावड्याच्या पाठीने चांगलं कुटलं की चुन्यातलंच पाणी सुटून लगदा मऊ होतो. पाणी घालून मऊ केलेला चुना वाळताना आकसतो आणि चिरतो, आणि दोष चुन्यावर जातो. जमिनीलगतच्या, कायम थोड्या दमट राहणाऱ्या दोन फुटांत निव्वळ चुना नीट घट्ट होत नाही. तिथे एक भाग चुना, अडीच भाग वाळू आणि अर्धा भाग सुर्खी, म्हणजे कमी भाजलेल्या विटांची बारीक पूड, असं मिश्रण घ्या. त्या पुडीमुळे चुना ओलसर जागीही धरतो. मूठभर सिमेंट घालून 'जरा पक्कं' करायचा आग्रह गवंडी हमखास धरेल. ठाम नाही म्हणा. थोड्या सिमेंटने धड सिमेंटची ताकद येत नाही, आणि चुन्याचे गुण जातात.

गिलाव्याआधी दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे. सुटा झालेला चुना हाताच्या छिन्नीने किंवा आकड्याने खरवडा, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट आणि किमान एक इंच खोल. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. धूळ काढा, दरज ओलसर करा, चुना आतपर्यंत दाबून भरा. रुंद दरजेत दगडाच्या चिपा बसवा म्हणजे नुसता चुना जाड थरात राहून चिरणार नाही. भरणी दगडाच्या तोंडाशी समतल किंवा किंचित आत ठेवा. दगडाच्या वर चढवलेल्या फुगीर दरजा, जणू दोऱ्या चिकटवल्या आहेत अशा, पाणी धरून ठेवतात. अंगठा दाबल्यावर खूण उमटत नाही पण नखाने ओरखडा पडतो, इतकं घट्ट झालं की कडक ब्रश उभा धरून ठोकून घ्या.

गिलाव्याचा प्रत्येक थर आठ ते दहा मिलिमीटरपेक्षा जाड नको. दोन थरांमध्ये निदान आठवडा जाऊ द्या, आणि खालचा थर घट्ट झाल्याशिवाय वरचा चढवू नका. भर उन्हात, सुसाट वाऱ्यात, मुसळधार पावसात किंवा तापमान पाच अंशांच्या खाली जाणार असेल तेव्हा काम बंद. चुना सुकून घट्ट होत नाही, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. पटकन सुकला तर हात फिरवल्यावर पीठ निघतं. म्हणून भिजवलेलं गोणपाट समोर टांगून ठेवा आणि पहिला आठवडा दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा. आतपर्यंत घट्ट झालं का हे बघायचं असेल तर एक बारीक तुकडा तोडून कडेवर फेनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचा थेंब टाका. गडद गुलाबी रंग आला तितका भाग अजून कच्चा आहे. बिनरंगी राहिला तो झाला.

रंग चुन्याचाच. दुधाइतका पातळ करून, भिंत आधी ओलसर करून, चार-पाच पातळ हात. लावताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, त्यामुळे लोक जाड लावतात आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. प्लास्टिक इमल्शन लावलंत तर एवढ्या मेहनतीने उघडलेली भिंत पुन्हा बंद होईल. लाकडावरचे जुने ऑइलपेंट कोरडे घासू नका. त्यांत शिसं असण्याची शक्यता मोठी असते आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक आहे. आधी चाचणी करा.

आता तुळई आणि स्लॅब. पोकळ आवाज म्हणजे तुळई गेली, असं समजू नका. बहुतेक वेळा भिंतीत शिरलेलं टोक कुजतं आणि बाहेरचं लाकूड ठणठणीत असतं. जाड टोचणी किंवा अरुंद पेचकस भिंतीपासून दर दहा सेंटिमीटरला तुळईत दाबून बघा. कुजक्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा जातो, आणि चांगलं लाकूड लागलं की हाताला लगेच कळतं. तिथे खडूने रेघ मारा. पाण्याचं प्रमाण मीटरवर २० टक्क्यांच्या खाली आलं की बुरशी वाढू शकत नाही. म्हणजे वरचा पाइप दुरुस्त झाल्यावर निम्मं काम झालं. किडीची भोकं दिसत असतील तर खाली काळा कागद पसरून ठेवा. महिनाभराने त्यावर ताजी, फिकट पूड पडलेली असेल तरच कीड जिवंत आहे. नाहीतर ती शंभर वर्षांपूर्वीची असू शकते, आणि तिच्यावर औषध मारणं वाया आहे. वाळवीचं वेगळं. तिच्या मातीच्या नळ्या शोधत जमिनीपर्यंत जा, कारण ती बहुधा तिथून येते.

कुजलेलं टोक कापून त्याच जातीचं, चांगलं वाळलेलं लाकूड तिरक्या सांध्याने जोडता येतं. सांध्याची लांबी आणि बोल्ट इंजिनिअरने ठरवायचे, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि लाकूड फाडतं. कापण्याआधी तुळईला टेकू द्या, आणि तो खालच्या मजल्याच्या पक्क्या जमिनीवर, रुंद फळीवर टेकलेला हवा. नवं टोक भिंतीत घालताना खाली कोरड्या दगडाची बैठक द्या आणि बाजूंनी व शेवटाला बोटभर मोकळी जागा सोडा. ती जागा चुन्याने बंद केली तर पुन्हा तेच होईल.

स्लॅबला माझा स्पष्ट नकार आहे, आणि कारण वजनाचं आहे. काँक्रीट घनमीटरला सुमारे २,५०० किलो भरतं. चार बाय पाच मीटरच्या एका खोलीवर साडेबारा सेंटिमीटरचा स्लॅब म्हणजे सव्वासहा टन, तोही चुन्यातल्या, अजून ओल्या भिंतींवर. भिंतींत खाचा पाडून तो अडकवायचा, म्हणजे भिंत तिथेच कमजोर होते. इटलीत १९९७ च्या उंब्रिया-मार्के भूकंपानंतर हे ठळकपणे दिसलं: जुन्या दगडी घरांची लाकडी छपरं आणि मजले काढून जिथे जड काँक्रीट घातलं होतं, तिथल्या अनेक भिंती त्या जड, ताठ वजनाखाली फुटल्या. तुमची जमीन चालताना हलत असेल तर मधे जास्तीची तुळई, जुन्या फळ्यांवर आडवा-तिरका दुसरा थर, आणि तुळयांची टोकं भिंतीला स्टेनलेस पट्ट्यांनी बांधणं, हे पर्याय इंजिनिअरसमोर ठेवा. जुन्या घरात लाकडाजवळ वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत चालवू देऊ नका. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला २०१९ साली आग लागली तेव्हा तिथे दुरुस्तीचंच काम चालू होतं. तुमच्या कामावर रोज संध्याकाळी, माणसं गेल्यानंतर एक तासाने कुणीतरी सगळीकडे फिरून यायचं, असं ठरवून टाका.

दारावरची चीर: तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. चिरेच्या दोन्ही बाजूंना एक-एक बारीक स्क्रू बसवा आणि त्यांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर महिन्याला मोजून वहीत लिहा. असं वर्षभर, सगळ्या ऋतूंत. चीर पाच मिलिमीटरच्या आत असेल आणि वाढत नसेल तर चुन्याने भरून टाका. एकाच दिशेने वाढत गेली, किंवा भिंत पोटाशी फुगलेली दिसली, तर वर्षभर थांबू नका, लगेच इंजिनिअर बोलवा. पण त्याआधी दारावरच्या गिलाव्याचा एक तुकडा काढून आत लाकडी लिंटल, म्हणजे दारावरचा भार पेलणारं आडवं लाकूड, आहे का बघा. ते कुजून दबलं असेल तर चीर अशीच तिरकी जाते, आणि मग पायाला हात लावायची गरजच नसते.

इंजिनिअर आणि गवंडी निवडताना त्यांना विचारा: चुना कुठून आणता, किती दिवस मुरवता, आणि पाच वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम दाखवता का? पहिल्याच प्रश्नाला 'हल्ली चुना कोण वापरतं' असं उत्तर आलं तर तो माणूस वाईट नव्हे, पण तुमच्या घरासाठी नाही.

आता 'मूळ रूप'. हा शब्द तुम्ही फार मनापासून लिहिला आहे, म्हणून जपून विचारते: कोणत्या वर्षीचं मूळ? १८० वर्षांत दारं बदलली असतील, एखादी खोली वाढली असेल, जिना फिरवला असेल. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने यावर दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. वास्तूत सगळ्या काळांनी घातलेली भर मानायची. आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबवायची. म्हणजे नाहीसा झालेला सज्जा कुठल्या तरी दुसऱ्या घराचा बघून नव्याने कोरून घेऊ नका. पंजोबांच्या काळातली साधी खिडकी कोरीव नाही म्हणून काढू नका. मग वडिलांनी केलेला सिमेंटचा थर तरी का काढायचा? तो नवा आहे म्हणून नाही, तो भिंतीला इजा करतो म्हणून. प्रत्येक वस्तूला हाच एक प्रश्न विचारा: ही घराचं नुकसान करते का? करत नसेल तर राहू द्या. आणि काहीही हलवण्याआधी मोजमापांसह नकाशा आणि प्रत्येक भिंतीचे, शेजारी पट्टी धरून काढलेले फोटो हवेत. सुटे केलेले लाकडी भाग मागच्या बाजूने क्रमांक घालून ठेवा.

राहिला भाऊ. तुम्ही त्याला घराच्या आठवणी सांगून पटवू बघता आहात असं पत्रावरून दिसतं. त्याच्याही त्याच आठवणी आहेत. तो बहुधा वेगळ्या गोष्टीला घाबरतो: ओल्या खोल्या, गैरसोयीची न्हाणी, आणि न संपणारा खर्च. ही भीती रास्त आहे, तिला उत्तर आकड्यांचं द्या. कामाचे तीन भाग पाडून लेखी अंदाज घ्या: या पावसाआधी करायचं (छप्पर, पन्हळी, काँक्रीटचा पट्टा, तुळईला टेकू), पुढच्या दोन वर्षांत करायचं, आणि दरवर्षीची देखभाल. पहिला भाग एकूण खर्चाच्या मानाने लहान निघेल, आणि तो करून पाडण्याचा पर्याय बंद होत नाही. हे भावाला आवर्जून सांगा. पाडलं तर मात्र परतीची वाट नाही. न्हाणी आणि संडास तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीला लागून घ्या, पाइप भिंतीत न पुरता उघड्यावरून न्या म्हणजे गळती दिसेल, आणि वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवा. विजेच्या ताराही भिंती न कोरता वरून नळीतून नेता येतात. वर्षभराच्या मोजणीनंतर एखादी भिंत खरंच ढळते आहे असं निघालं तर तेवढीच भिंत, दगडांवर क्रमांक घालून, उतरवून पुन्हा रचता येते. एका भिंतीसाठी सगळं घर पाडावं लागत नाही. आणि चिरा मोजायची वही भावाकडे सोपवा. दर महिन्याला कॅलिपर हातात घेऊन त्याने स्वतः आकडा लिहिला की पुढचं बोलणं त्या आकड्यांवर होईल.

या आठवड्यात दोन कामं करा. कंत्राटदाराला केमिकलचं आणि स्लॅबचं काम थांबवायला सांगा. आणि झाकणाची दोन मोठी पिंपं आणून चुना विरवायला घाला, म्हणजे भिंत वाळेल तोवर तो तयार असेल.